पाच दिवस मुक्त संचार

...आन वरून मलाच म्हनतात, "योहान, तुला फुकटात फिरवून आनलं, आन तू तोंड वाकडं करतो व्हय?" फिरवून आनलं? अहो, बाजाराला बैल नेतात तेव्हा त्याला बी मधी पानी पाजायला उतरवतात! तुमाला सांगतो, मी काय ऐरागैरा न्हाई. वॉर्ड नंबर तीनचा निवडून आलेला मेंबर हाय मी, एकवीस मतांनी, फेरमोजनी धरून! आन त्या मेंबरला सकाळी साडेसहाला दात घासता घासता उचलला. तोंडात फेस, खांद्यावर टॉवेल, आन थेट गाडीत! आमची लिडिया दारातनं वरडतीय, "अहो, चपला तरी घाला!" घटनेत बसतं का हे? तुमीच सांगा!

थांबा, पहिल्यापास्नं सांगतो, न्हाईतर तुमी म्हनाल ह्यानंच काय तरी केलं असंल. आमचं गाव कोल्हारच्या अलीकडं, प्रवरेच्या काठाला. पंचायतीत मेंबर नऊ. उपसरपंचाची खुर्ची आमच्यात वाटून खायची पद्धत हाय. एक वरीस तू, एक वरीस मी, कागद न्हाई, शिक्का न्हाई, नुसती देवाची शपथ. पहिल्यानं वरीस भरल्यावर खरंच राजीनामा दिला, सगळं गाव येडं झालं! आता पुढचा नंबर कुनाचा? मच्छिंद्रशेठ म्हनतात माझा, आसारामभाऊ म्हनतात माझा. शपथेवर शब्द दोघांनाबी दिलेला! चार मेंबर इकडं, चार तिकडं, आन मधी कोन? मी! सरपंचबाईंना इचारलं तर म्हनल्या, "माझं मत जिकडं जास्ती तिकडं." लई हुशार बाई.

मतदान कधी? सव्वीस नोव्हेंबर, सकाळी अकरा. संविधान दिन! आन त्याच दिवशी धाला पंचायतीसमोरच्या शाळेत माझ्या पोरीचं भाषन. प्रार्थना, सातवीला हाय. पोर इतकी लाजाळू की हजेरी देते ती बी शेजारच्या पोरीलाच ऐकू जाते. बाईंनी तिला इषय दिला, 'आपले मूलभूत हक्क'. महिनाभर पाठ करत हुती. मला म्हनली, "पप्पा, तुमी पहिल्या रांगेत बसा. तुमच्याकडं बघितलं का मी इसरत न्हाई." मी शब्द दिला. बापानं दिलेला शब्द हाय हो, पॅनलनं दिलेला न्हाई!

आन एकवीस तारखेला मी लोणावळ्यात.

ह्याला आमच्याकडं 'सहल' म्हनतात. वरच्या लोकांचं बघून शिकलो आमी! टीव्हीवर दाखवतात न्हाई का, आमदार चालले इमानानं, हॉटेल पंचतारांकित, बाहेर चॅनलवाला पोरगा घसा फोडतोय. आमी आपलं जीपमधी नऊ जन, पाच मेंबर आन बाकी मच्छिंद्रशेठची मानसं, आन खिडकीतनं आमच्यातल्या पुंजाराम आप्पांची उलटी. तुमाला सांगतो, त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनं सत्ता दिल्लीतनं गावात आनली, आन मच्छिंद्रशेठनं ती गावातनं लोणावळ्याला नेली!

रिसॉर्टवर गेल्या गेल्या मोबाईल जमा. मच्छिंद्रशेठचा मेव्हना रविराज, दंड असे असे, मान न्हाईच, तो प्लास्टिकची पिशवी घेऊन फिरला. "मेंबर, फोन टाका." मी म्हनलं, "बाबा, हा माझा हक्क हाय." तो म्हनला, "हाय ना, पन पिशवीत हाय." घटनेत बसतं का हे?

पुंजाराम आप्पा मला कोपऱ्यात घेऊन इचारतात, "योहान, तू शिकलेला, ते पक्षांतरबंदी का काय कायदा हाय ना? मग हे कोंडून कशाला घालतात?" मी म्हनलं, "आप्पा, त्याला आधी पक्ष लागतो. आपल्याला चिन्ह काय हुतं? शिलाई मशीन! शिलाई मशीनमधनं रोडरोलरमधी गेलं तर त्याला पक्षांतर म्हनत न्हाईत." आप्पा म्हनले, "मग काय म्हनतात?" म्हनलं, "विकास!"

रात्री सगळे टीव्हीपुढं. तो कार्यक्रम न्हाई का, एका बंगल्यात पंधरा जनांना कोंडायचं, फोन न्हाई, बाहेर जायचं न्हाई, आन आपन त्यांची भांडनं बघायची? आमच्यातल्या रतनबाई मेंबर पदर डोळ्याला लावून बसल्या. "बिचारी, घरी लेकरं हायती तिला!" मी म्हनलं, "काकू, तुमाला किती लेकरं?" म्हनल्या, "तीन." म्हनलं, "आन तुमी कुठं हाय?" तर म्हनतात, "गप ऱ्हा, कोन बाहेर जातंय ते कळू दे!" अहो, तिथं लोक मतं देऊन मानसाला बाहेर काढतात. मला लोकांनी मतं देऊनच आत घातलंय!

तिसऱ्या दिवशी मी उपोषनाला बसलो. दुपारपर्यंत. मटन हुतं. पन त्याच्यानं एक झालं, रविराजनं घरी एक फोन लावू दिला, स्पीकरवर, सगळ्यांच्या देखत. प्रार्थना म्हनली, "पप्पा, ऐका हं," आन खडाखडा सुरू, "कलम एकोणीस! सर्व नागरिकांस भाषण आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा... शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचा... भारताच्या राज्यक्षेत्रात सर्वत्र मुक्तपणे संचार करण्याचा हक्क असेल!" पुंजाराम आप्पांनी टोपीनं डोळे पुसले. रविराजनं बी टाळी वाजवली. म्हनला, "लई भारी बोलते पोरगी, मेंबर. काळजाला हात घातला." मी म्हनलं, "मग सोड की मला, बाबा!" म्हनला, "गेटच्या आत कुठं बी संचार करा, पोहायचा हौद बी हाय!" घटनेत बसतं का हे?

सव्वीसला पहाटे पाचला निघालो. संगमनेरला चहा झाला. मच्छिंद्रशेठ गाडीमागं जाऊन फोनवर लई वेळ हळू हळू बोलत हुते. मी म्हनलं, असंल काय तरी घरगुती. बरोबर धाला गाडी पंचायतीसमोर. म्हंजे शाळेसमोर! मी दाराला हात घातला तर रविराज म्हनला, "अकराला सगळे एकदम उतरायचं, मेंबर. तवर काच वर."

आन भोंग्यावरनं माझ्या पोरीचं नाव पुकारलं.

काय सांगू तुमाला... चाळीस पावलं हो! मी म्हनलं, "रविराज, पाया पडतो, लोनी-कोल्हार न्हाई मागत, चाळीस पावलं दे." म्हनला, "तुमी चाळीस पावलं जाल, आन आसारामची मानसं तुमाला शेवगावला नेतील." तिकडं पोर बोलतीय, चांगलं बोलतीय, आन कलम एकोणीसला आली... "भारताच्या राज्यक्षेत्रात सर्वत्र..." आन थांबली. सर्वत्र... सर्वत्र... भोंगा नुसता खरखरतोय. मला दिसत न्हवतं, पन मला माहीत हुतं ती कुठं बघतीय. पहिल्या रांगेत. मी बंद काचेला तोंड लावून वरडतोय, "मुक्तपने! बाळा, मुक्तपने संचार!" कुनाला ऐकू जानार? शेवटी कुनीतरी मागनं सांगितलं, आन तिनं कसंबसं उरकलं. टाळ्या पडल्या. मी रडलो. खोटं कशाला सांगू, नऊ जनांच्या गाडीत हमसून रडलो, आन लाज वाटली ती मच्छिंद्रशेठची न्हाई, माझीच वाटली.

अकराला आत नेलं. मी म्हनलं, आता बघतोच, मत माझ्या हातात हाय, दावतो इंगा! निवडनुकीच्या साहेबांनी अर्ज उघडला. अर्ज किती? एक! मच्छिंद्रशेठ आन आसारामभाऊचं संगमनेरच्या चहावरच ठरलेलं, सहा महिने ह्याला, सहा महिने त्याला. बिनविरोध! गुलाल! दोघं एकमेकांना पेढा भरवतायत. मी म्हनलं, "साहेब, आन माझं मत?" साहेब म्हनले, "लागलं असतं तर मागितलं असतं की."

घरी आलो. प्रार्थना पायरीवर बसलेली. रागावली न्हाई, तेच वाईट. म्हनली, "पप्पा, मत कुनाला दिलं?"

म्हनलं, "द्यायची येळच आली न्हाई."

"मग पाच दिवस तिकडं केलं काय तुमी?"

आता पोरीशी खोटं कसं बोलायचं? प्रवरेच्या काठाला उभा जन्म गेला माझा... मान खाली घातली आन म्हनलं, "पोहायला शिकलो."