बोहनीआधीचा घास

मंडळी, जरा पुढं सरका. मागची माणसं भिंतीला टेकलीत, टेकू द्या – दिवसभर राबून आलीत. मलाही टेकायला काही असतं तर बरं झालं असतं, पण कीर्तनकाराला उभंच राहावं लागतं! घसा बसलाय, आवाज काही चढायचा नाही. मृदंगवाले बुवा, तुम्हीही हळूच घ्या. आज जोर कुणालाच नाही.

एकच प्रश्न विचारतो. रडणारं लेकरू गप्प झालं – म्हणजे त्याची भूक भागली का?

हो म्हणता? इतक्या लवकर? थांबा, घाई कशाची! आधी ऐका, मग बोला.

एका तालुक्याच्या गावी एसटी स्टँडाच्या फाटकाशी एक गाडी होती. गाडी म्हणजे हातगाडी हो! पोहे, उपमा, चहा. गाडीची मालकीण गयाबाई. नवरा लवकर गेला, पदरात एक पोरगा, दिगंबर. या गाडीवरच तिनं त्याला वाढवला, लग्न केलं, सून आणली. सुनेचं नाव सारिका. आता तुम्ही म्हणाल, आली सासू, आता सुरू होणार छळ! नाही हो. गयाबाई वाईट नव्हती. गयाबाई दमलेली होती. दमलेलं माणूस आणि वाईट माणूस लांबून सारखंच दिसतं, म्हणून जरा जवळ जाऊन बघावं लागतं.

पहाटे अंधारात उठायचं. कांदा चिरायचा – किती? परातभर! डोळ्यांतलं पाणी कांद्याचं की स्वतःचं, ते कळायचं नाही. दिगंबर टेम्पो घेऊन मार्केटला गेलेला. मग या दोघी सासू-सुना पोहे भिजवणार, मिरच्या तोडणार, स्टो पेटवणार, गाडी ढकलत फाटकाशी आणणार. आणि सारिकेच्या कडेवर कोण? तुळसा! पणजीचं नाव ठेवलेलं. दीड वर्ष उलटून गेलेलं, दुडूदुडू चालणारं, सगळीकडं बोट दाखवणारं पोर.

आता एवढ्या घाईत पोराला खायला काय द्यायचं? बाटली!

बघा, पुरुष मंडळी कशी दचकली! ती बाटली नव्हे हो – दुधाची! रबरी बोंडल्याची! पोर रडलं की बाटली. पोर झोपेतून उठलं की बाटली. तोंडात दिली की पोर गप्प, आणि दोन हात कामाला मोकळे. बायांनो, हसू नका. ज्या बाईला हात दोन आणि कामं चार, तिला विचारा त्या बाटलीची किंमत. तो आळस नव्हे. थकलेल्या बाईनं काढलेली ती वाट आहे. मी तिला नावं ठेवणार नाही.

पण मंडळी, गंमत बघा. गंमत कसली, दैना! आख्ख्या स्टँडाला सकाळचा नाश्ता कोण घालतं? सारिका! आणि तिची लेक काय पिते? बाटली! कढई डोळ्यांपुढं, वाफ नाकात, शेंगदाण्याचा वास सगळीकडं. पोर बोट करायचं कढईकडं – “मम! मम!” आणि गयाबाई काय म्हणायची?

“हात नको लावू! बोहनी व्हायचीय अजून!”

बोहनी ठाऊक आहे ना? दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक. ते होईपर्यंत मालातलं कुणाला फुकट द्यायचं नाही, घरच्यांनी तोंडात टाकायचं नाही. गयाबाईचा तर नेम आणखी कडक. तिच्या गाडीची बोहनी वस्तीच्या गाडीवरच्या निवृत्ती ड्रायव्हरच्या हातानंच! रात्री एसटी खेड्यात मुक्कामाला जाते ना, ती पहाटे पहिली परत येते. निवृत्ती उतरायचा, पहिली प्लेट खायचा. त्याच्या हाताला यश आहे, अशी गयाबाईची खात्री.

का बरं एवढा हट्ट? तेही सांगतो. गाडी नवी होती तेव्हा एका सकाळी भुकेनं कासावीस होऊन गयाबाईनं बोहनीआधीच घासभर पोहे खाल्ले. आणि त्याच दिवशी पोह्याचं टोपलं भर रस्त्यात पालथं झालं! सगळा माल मातीत! विधवा बाई, पदरात पोर. त्या दिवशी ती जी भ्याली, ती भ्यालीच. पुन्हा बोहनीआधी तिनं पाण्याशिवाय काही तोंडात घातलं नाही. तुम्ही-आम्ही त्याला श्रद्धा म्हणू. होती ती भीती.

तर तुळसानं हात पुढं केला की – फट! हातावर हलकी चापट. “बोहनी!” आणि तोंडात बाटली. रोजचं झालं हो. वस्तीची गाडी येईपर्यंत पोरीचं पोट दुधानं टम्म. मग निवृत्ती खाऊन गेल्यावर सारिका घास घेऊन यायची, तर पोर तोंड फिरवायचं. भूक मेलेली! दुपारी पुन्हा बाटली. असं चाललं होतं.

एक दिवस सारिकेच्या लक्षात आलं – पोरीची नखं पांढरी पडलीत. पायऱ्या चढताना धापा टाकते. कुठंही बसली तरी पेंगते. दवाखान्यात नेली. डॉक्टरीणबाईंनी डोळ्याची पापणी खाली ओढून बघितली, रक्त तपासलं आणि म्हणाल्या –

“बाई, पोरीच्या अंगात रक्त फार कमी आहे. औषध देते, पण नुसत्या दुधावर रक्त भरत नसतं. सकाळची बाटली सोडवा. दूध पेल्यानं द्या, तेही खाल्ल्यावर. आधी पोटात अन्न गेलं पाहिजे.”

“ती खातच नाही हो काही!”

“खाईल. पण आता उशीर नका करू. असंच राहिलं तर हिला ॲडमिट करावं लागेल.”

सारिका रडत घरी आली. आणि दुसऱ्या दिवसापासून लागली की कामाला! मंडळी, आधीच कंबर मोडलेली, त्यात ही भर. बायांनो, तुम्ही ऐकून ठेवा, उपयोगी पडेल. नाचणीचं सत्त्व गुळात शिजवलं – पोरीनं थुंकलं. मुगाचं धिरडं, लोण्याचा हात लावून मऊसूत – जमिनीवर! गव्हाची लापशी – आईच्या पदरावर! केळं कुस्करलं, तर ते भिंतीला फासलं, शेणानं सारवावं तसं! एकदा उकडलेल्या अंड्यातला पिवळा बलक दिला – विणेकरी, माझ्याकडं असे बघू नका! डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, मी नाही! – तोही नाही गेला. काऊ झाला, चिऊ झाली, आईचं तोंड दुखलं, पोरीचं उघडलं नाही.

आणि चमचा पुढं आला की पोर मान हलवायची आणि काहीतरी पुटपुटायची. काय पुटपुटते, ते ऐकायला कुणाला वेळ होता?

शेवटी काय व्हायचं? पोर उपाशी कळवळायची, गाडीची वेळ व्हायची, आणि सारिका म्हणायची, “आत्या, द्या तिला बाटली. आजच्या दिवस द्या.” आजचा दिवस रोज उगवतो हो, मंडळी! दमलेल्या माणसाचा उद्या कधी येत नाही.

अशी एक सकाळ आली – दूध नासलं. तापवायला ठेवलं आणि फाटलं. बाटली रिकामी. गाडी फाटकाशी लागलेली, पोहे तयार, आणि वस्तीची एसटी आलीच नाही! वाटेत टायर बसला, असं कुणी तरी सांगितलं. दोन-तीन माणसं घुटमळली. गयाबाई म्हणाली, “थोडं थांबा दादा, होतंच आहे.” खोटं हो! वाफा येत होत्या, आणि म्हणते होतंच आहे. निवृत्तीच्या हाताशिवाय तिचा झारा कढईत जाईना.

तुळसा रडत होती. आधी जोरात, मग हुंदके, मग बारीक. सारिका म्हणाली, “आत्या, चार दाणे देऊ का हिला?”

“येईल गं गाडी एवढ्यात. एवढी वर्षं सांभाळलंय, आज मोडू नको.”

सारिकाही दमली होती. भांडायला अंगात जोर लागतो ना!

आणि मग पोर रडायची थांबली.

दोघींनी सुटकेचा श्वास टाकला. गप्प झाली बाई एकदाची! सारिकेनं कपबश्या विसळायला घेतल्या. आणि सहज खाली बघितलं – तर पोर गाडीच्या चाकाशी बसलेली. गाल फुगलेला. हळूहळू काहीतरी चघळतेय.

पुराणात एका आईनं लेकराचं तोंड उघडलं, तर आत अवघं ब्रह्मांड दिसलं! ऐकलीय ना ही गोष्ट? टाळ्या वाजवून ऐकलीय! सारिकेनंही लेकीचं तोंड उघडलं, मंडळी. आत काय होतं? माती. नुसती माती. स्टँडावरची, डिझेल सांडलेली, काळी माती. ब्रह्मांड नाही, काही नाही. भूक होती.

सारिकेनं बोट घालून माती काढली. कुणाला विचारलं नाही. उठली, झारा घेतला, कढईत घातला, बशीत पोहे घेतले, फुंकले आणि बोटावर चार दाणे घेऊन लेकीच्या ओठाशी नेले. गयाबाईनं तोंड उघडलं, बोलणारच होती. पण तिच्या आधी पोर बोलली!

दोन्ही हातांनी आईचा हात ढकलला. मान हलवली. मातीचे ओठ. आणि म्हणाली –

“बोनी... नाई... बोनी.”

मंडळी... जरा थांबतो. पाणी द्या.

इतके दिवस पोर हेच पुटपुटत होती हो! घरातलं धिरडं असो, लापशी असो, सकाळी अन्न समोर आलं की ते आपलं नाही, आपण हात लावायचा नाही – एवढं त्या जीवाला पक्कं कळलं होतं. कुणी शिकवलं? आजीनंच! जिला दुसरं वाक्य जोडता येत नाही, तिला भीती आली जोडता.

गयाबाईनं ते ऐकलं. हातातलं फडकं तसंच. रडली नाही. रडायलाही वेळ लागतो. मग पदर खोचला, पोरीला उचललं आणि गिऱ्हाईक बसतं त्या बाकड्यावर बसवलं. समोर वाकली. म्हणाली –

“या ताई. काय देऊ?”

पोर बघतच राहिली. गयाबाईनं बशीतली मिरची वेचली, शेंगदाणे वेचले – लेकराच्या घशात अडकतात ना – वर दह्याचा चमचा घातला, बोटांनी मऊ कालवलं. मग काय केलं? पहिल्या गिऱ्हाइकाचा पैसा जसा ती कपाळाला लावायची, तसा नातीचा रिकामा हात, मातीनं भरलेला, आपल्या दोन्ही डोळ्यांना लावला. मग कपाळाला. मग गाडीच्या दांड्याला.

“झाली गं बाई बोहनी,” म्हणाली. “खा आता.”

आणि तुळसानं तोंड उघडलं.

नाही, नाही, बशी संपवली असं नाही. मी कीर्तनकार असलो तरी एवढी थाप मारणार नाही! चार घास खाल्ले, पाचवा थुंकला, दह्याचा हात आजीच्या लुगड्याला पुसला. पण खाल्लं! स्वतःच्या हातानं!

तासाभरानं निवृत्ती ड्रायव्हर आला, ग्रीसनं माखलेला. गयाबाई म्हणाली, “आज तुमच्याआधी एक गिऱ्हाईक होऊन गेलं.” आणि झालेलं सगळं सांगितलं. त्या माणसाचा घास हातातच राहिला.

“मावशी, रोज माझ्यासाठी या लेकराला थांबवत होतात? मला एका शब्दानं सांगायचं की हो! आता मला ती प्लेट गोड कशी लागायची?”

गयाबाईनं त्याच्यापुढं पाण्याचा पेला सरकवला.

पुढं? पुढं एका दिवसात काही झालं नाही. सकाळी पहिली बशी पोरीची, मग गाडी. काही दिवस खायची, काही दिवस वाटी भिरकवायची. कधी बाटलीसाठी हंबरडा फोडायची, आणि दोघी सासू-सुना कान बंद करून बसायच्या. पण चढलं हो रक्त, हळूहळू. गालांवर रंग आला. गयाबाईच्या गाडीचं काय झालं? काही झालं नाही. पोहे विकले गेले, टोपलं पालथं पडलं नाही.

गोष्ट इथं संपवली असती. तुम्हालाही झोपा आल्यात. पण एक राहिलं.

एका सकाळी गयाबाई नातीला भरवत होती. समोर सारिका उभी, कांदा चिरतेय. तिची मनगटं किती बारीक झालीत, ते गयाबाईला पहिल्यांदाच दिसलं. म्हणाली, “सारिके, तू कधी खातेस गं?”

सारिका मान वर न करता म्हणाली, “मला नाही लागत आत्या सकाळी काही. भूकच लागत नाही.”

गयाबाईचा हात थांबला. सुनेची भूक कुठं आणि कधी मेली, ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार!

आता तुम्हाला विचारतो. ‘मला भूकच लागत नाही’ – हे वाक्य तुमच्या घरात कोण म्हणतं? सगळ्यांना वाढून झाल्यावर भांडी घासायला कोण बसतं? आई? बायको? की कोपऱ्यात पडलेला म्हातारा बाप – ज्यानं आधी मागितलं, मग कुरकुर केली, आणि मग एके दिवशी मागायचं सोडलं? आणि तुम्ही म्हणालात, बरं झालं, शांत झाले बाबा!

जे रडतं, भांडतं, ताट आपटतं, त्याची फार चिंता करू नका. त्याला अजून वाटतंय की कुणीतरी ऐकेल. माझं हात जोडून सांगणं एवढंच आहे – तुमच्या घरातलं जे गप्प झालंय, त्याच्याकडं जा.

आज गजर नाही करत. देवाचं नाव मनातच घ्या, त्याला ऐकू येतं. घरी जा. उद्या सकाळी त्या माणसापुढं ताटली ठेवा आणि समोर बसा. ते म्हणेल, ‘नको, तुम्ही घ्या आधी.’ उठू नका. पुन्हा म्हणेल. तरी उठू नका. घास तोंडात जाईपर्यंत बसून राहा.