पंख्यात रुई नव्हती

माझा जनम देवळीचाच. बाप लवकर गेला, माय जिनिंगात कामाले जाये, म्हंजे कापसातून सरकी काढाचा कारखाना, ततं दिवसभर रुई उडे, अन् माय सांजच्याले घरी ये तवा तिच्या केसात, भुवयीत, लुगड्यावर सगळी रुईच रुई. दारात उभी राहून पदर झटके, मंगच आत पाय ठेवे. दुसऱ्या कोनाच्या घरी गेली तरी आधी झटके, मंग बसे. मले लहानपनी लय लाज वाटे तिची, मी म्हनो, माय, बाजारातून माझ्यासंगं नोको चालू. आता माय नाई, अन् लाज मले माझीच वाटते, पन ते येते पुढं.

आयटीआय केलं मी, आधी रेडिओ-टीव्ही दुरुस्त करो, मंग ते काम कमी झालं अन् कॉम्प्युटरवर आलो. बस स्टँडजवळ लहानसं दुकान हाय. काय सांगू तुमाले, आमच्या इकडं कापसाच्या दिवसात कोनताही कॉम्प्युटर खोला, पंख्यात रुई भेटतेच. गिऱ्हाईक म्हने, भाऊ, पंखा आवाज करून राह्यला, का मी न पाहताच सांगो, रुई गेली असन, ब्लोअर मारून देतो. अन् बहुतेक वेळा तेच निंगे. त्याच्यानं माझं डोकं आळशी झालं, असं म्हना.

तर सुनंदाबाई म्हनून एक मास्तरीनबाई हायेत, देवळीच्या पुढं एका खेड्यात राह्यतात, गोंड हायेत. त्यांची माय सोनाबाई, तिले गोंडीतल्या जुन्या गोष्टी येतात, एकीतून दुसरी, दुसरीतून तिसरी, सरतच नाई म्हनतात. घरात बाकी कोनाले तेवढी भाषा येत नाई, खुद्द सुनंदाबाईले अर्धीच समजते. म्हनून त्या मायच्या गोष्टी कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करून राह्यल्या होत्या, माय हाय तवर होऊन जाऊ दे म्हने. स्क्रीनच्या मांगंच सगळी मशीन असते ना, तसला कॉम्प्युटर. त्याची हार्ड डिस्क गेली. नशीब, गोष्टी पेन ड्राइव्हमध्ये होत्या. म्या नवी डिस्क टाकून देली, चालू करून दाखवला, गेल्या घेऊन.

बाजाराच्या दिवशी परत आल्या, मायलेही संगं घेऊन. म्हने, भाऊ, चालू केला का थोड्या वेळात पंखा असा घोंघावते का मायचा आवाजच ऐकू येत नाई. बुडी सरळ वावरातून आलती, कापूस वेचता वेचता, लुगड्याले कापूस अन् पाल्याचा चुरा चिकटलेला. दुकानात गिऱ्हाईकं होते. म्या मशीन खोलली. पंख्यात काईच नव्हतं, खरं सांगतो, साफ होता पंखा. पन जाळीले एवढीशी रुई लागलती, ते म्या चिमट्यात धरली, सगळ्याइले दाखवली, अन् म्हन्लं, आजी, असं वावरातून उठून मशीनीपुढं बसान तर पंखा ओरडनारच ना, लुगडं तरी झटकत जा. लोकं हासले. सगळे तिच्या लुगड्याकडं पाह्यले लागले. बुडी मांगं मांगं सरकली, पार पायरीच्या खाली जाऊन उभी राह्यली. म्या ब्लोअर मारला अन् मशीन देऊन टाकली.

मंग सुनंदाबाईचा फोन. आवाज तसाच हाय म्हने, पन आवाजाचं सोडा, माय आता मशीनीजवळ येतच नाई. म्हनते, माझ्यानं पोरीची वस्तू बिघडली. गोष्ट सांग म्हन्लं तर तोंड फिरवते. भाऊ, तिनं नाई सांगितलं तर कोन सांगन?

मी म्हन्लं, पंखाच बदलून देतो. दुसरा पंखा पाहाले दुकानातल्या टेबलाचा खन ओढला तं त्याच्यात त्यांचीच जुनी डिस्क. अन् त्या डिस्कीले एक बारीक वायर चिकटलेली, तशीच. ते पाह्यली अन् माझे कान तापले. डिस्क किती गरम झाली ते मशीनीले सांगनारी वायर असते ते. जुन्या डिस्कीसंगं म्याच काढून घेतलती, नवीले लावलीच नाई. मशीनीले गरमी समजेना, म्हनून ते भिऊन पंखा पुऱ्या जोरानं फिरवे. रुईचा काई संबंधच नव्हता. खन तसाच उघडा, अन् मले माझी माय दिसून राह्यली, दारात पदर झटकून राह्यली. जिनिंगवालीच्या पोरानं असं बोलावं का? थू माझ्या जिंदगीवर.

सकाळीच गेलो त्यांच्या गावाले. वायर लावली, मशीन चालू ठेवली, चहा झाला, तरी पंखा चूप. मंग सोनाबाईपुढं खाली बसलो, म्हन्लं, आजी, चूक माझी हाय, ही वायर मी लावाले भुललो, तुमच्या लुगड्यानं काई झालं नाई. तिनं वायरीकडं पाह्यलं, माझ्याकडं पाह्यलं, अन् हासली. म्हने, राहू दे रे बापा, मले वाईट वाटू नाई म्हनून सांगून राह्यला तू. मी म्हन्लं, नाई वो आजी, माझ्या मायची आन, खरंच माझी चूक. जितकं मी सांगो तितकी ते माझ्या डोक्यावरून हात फिरवे. म्हने, तुह्या मायनं चांगलं वळन लावलं लेकरा, तुह्या हाताले यश येवो. जमिनीत गेल्यावानी झालं मले.

मंग ते उठली. धुतलेलं लुगडं होतं अंगावर, एक कन नव्हता त्याच्यावर. दारात गेली, पदर झटकला, फट फट, मंग येऊन बसली मशीनीपुढं, अन् गोष्ट सुरू केली.

आता रोज सांगते म्हनतात. सुनंदाबाई रेकॉर्डिंग माझ्याकडं पाठवतात, साफसूफ कराले, पैसे मी घेत नाई. मले गोंडी समजत नाई, पन ऐकतो. पंखा बिलकुल नाई ऐकू येत. पन दर गोष्टीच्या आधी दाराकडून तो आवाज येते, फट फट. सुनंदाबाई म्हनतात, भाऊ, तेवढं कापून टाका ना. एका मिनिटाचं काम हाय. हाव म्हनतो मी, अन् तसंच ठेवतो.