सासऱ्यांसमोर चोकचा धडा

चहा घ्या, पण हसायचं नाही. अजून सासुरवाडीला तोंड दाखवलेलं नाही मी.

सावनेरच्या शेतात रानडुकरं शिरतात म्हणून माझ्याकडे परवान्याची एकनळी बारा बोर बंदूक आहे, हे तुम्हाला माहीतच आहे. दिवाळीत सासरे आणि मेहुणा शेतावर आले. मेहुण्याने विचारलं, "भाऊजी, एका मोठ्या गोळीचं काडतूस चालते का याच्यात?"

झालं, मी सुरू. "अजिबात नाही. नळी तोंडाशी आवळलेली असते, त्याले चोक म्हणते. माझा चोक लई घट्ट आहे, त्यात छर्र्याचंच काडतूस घालाचं. मोठी गोळी अडकली तर नळी फाटते, हात जाते."

सासरे मान डोलवत ऐकत होते, त्यामुळे मला आणखीच जोर चढला. बार काढून दाखवायला छर्र्याची दोन काडतुसं खिशातच ठेवली होती. बंदूक सांध्यातून उघडून मेहुण्याच्या हाती दिली. "रिकामी आहे. उजेडाकडे धर आन् पाह्य, तोंड किती अरुंद आहे ते."

"भाऊजी, काहीच दिसून नाही राहिलं."

"नीट पाह्य ना गा."

सासऱ्यांनी बंदूक घेतली, कापसाच्या पऱ्हाटीची काडी नळीच्या मागच्या टोकातून आत घातली आणि ढकलली. पुढून सुकलेलं झेंडूचं फूल खाली पडलं. दसऱ्याच्या पूजेला मीच खोचलं होतं.

सासऱ्यांनी फूल उचललं, फुंकर मारून माती झाडली आणि माझ्या हातावर ठेवलं.

"पूजेचं आहे, जवाईबापू. पायदळी नका येऊ देऊ."