पेलेगचा कोट

निराधारांना सर्वांत कमी पैशांत जो सांभाळेल त्याच्या हवाली करायच्या गावच्या लिलावात वेड्या केझायासाठी सगळ्यांत कमी बोली पेलेग थर्बरची होती. तिला बिनशेगडीच्या खोपटात ठेवलं, की गावाकडून मिळणाऱ्या पैशांतले निम्मे त्याच्याच खिशात उरत. मग कुणी एक मास्तरीणबाई गावोगावची अशी खोपटं बघत फिरल्या, कायदेमंडळाला त्यांनी घाम फोडला, आणि नवं इस्पितळ उभं राहिलं. आज पेलेगची ही कमाई, म्हणजे केझाया, टपालगाडीत बसून तिकडे निघाली होती. आम्ही टपालाच्या रांगेत कुडकुडत होतो.

"पंच, उगाच खर्च करताय. वेड्यांना थंडीसुद्धा कळत नाही, त्यांना इस्पितळ कशाला?" पेलेग रांगेतल्या पंचांना म्हणाला.

"हे तुम्हाला केझायाने सांगितलं का, पेलेगभाऊ?" शेजारीण मेहिटबल म्हणाली.

"वहिनी, पाच हिवाळे ती एक शब्द बोललेली नाही!"

"तुम्ही विचारलंत कधी?"

"भिंतीला कुणी विचारतं का?"

"हं," पंच घुटमळले. "तिला काहीच कळत नसेल, तर गावाने तरी..."

"दार लावा," गाडीतून आवाज आला. "गार वारा येतोय."

"अगं बाई! केझाया बोलली!"

"पंच, आता हे आपलं..."

"पेलेग, कोट काढ," पंच म्हणाले.

"माझा? अहो, मला थंडी वाजतेय!"

"तिलाही वाजतेय. आत्ताच ऐकलंस ना?"

मेहिटबलने कोट आत देऊन दार लावलं. गाडी हलली, तशा रांगेतल्या सगळ्यांनी टोप्या उडवल्या.

गाडीभाडं गावाने दिलं, इस्पितळ सरकारने. पाच हिवाळ्यांचं सरपण पेलेगने दिलं, एका कोटात.