लघवी रोखायची गोळी

कानांना काही झाकणं नसतात. दवाखान्यात शेजारी सासू-सून बसल्या होत्या. उंची वाढेना म्हणून नातीची गादीवर झोपवून तीन-चार तास चालणारी रक्ततपासणी होती, दुसऱ्यांदा. नर्सनं विचारलं,

"मुलीला आज सकाळपासून कुठलं औषध दिलंय?"

"काहीच नाही."

"लघवी रोखायची माझी गोळी दिलीय मी. गेल्या वर्षीच्या तपासणीलाही दिली होती."

"आई, कशाला?"

"इथल्या गादीवर ओलं केलं असतं, तर नाक कुणाचं कापलं गेलं असतं?"

"आजी, मेंदूखालच्या ग्रंथीपर्यंत निरोप पोचवणारं ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन त्या गोळीनं अडतं. मग वाढीचं हार्मोन कमीच सुटतं."

"म्हणजे पोरीत खोट नव्हती?"

"नसेलही."

"आई, गेल्या वर्षीच्या त्या रिपोर्टवरून वर्षभर रोज वाढीचं इंजेक्शन टोचतेय मी तिला. हातपाय झाडायची, तेव्हा धरायला तुम्हीच बसायचात."