गळ्याचं बटण

हातांच्या व्यायामाच्या दवाखान्यात माझ्यासमोर दोन बायका बसल्या होत्या. एकीच्या मांडीवर तीन वर्षांच्या मुलीएवढी बाहुली होती.

"अगंबाई, दचकलेच की! खरी पोर वाटली."

"सगळेच दचकतात. जावई तर तिच्यावर चादर टाकून झोपतो."

"मग लहान आणायची ना!"

"लहान कपाटभर आहेत. बोटाएवढीला बघून सगळे किती गोड म्हणतात. पण तिची बटणं या हाताला कुठली जमायला? अर्धांगाचा झटका आल्यापासून तो माझं ऐकतच नाही. म्हणून मोठीपासून सुरुवात केली."

"जमतात हिची?"

"एक सोडून सगळी मीच लावलीत. पुढच्या महिन्यात मधलीला आणणार."

"अहो, गळ्याचं उघडंच आहे की. लावून देऊ?"

"हात लावाल तर खबरदार! ते डॉक्टरीणबाईंना लावून दाखवायचंय मला."