निखिलचं नकली मशीन

अरे भिया, कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर पाहिलाय का कधी? आमच्या निखिलने लॅपटॉपमध्येच एक नकली मशीन बनवलं आणि त्यात कुठलीतरी नवी सिस्टिम टाकली. मला म्हणाला, "बाबा, ही नुसती ट्रायल आहे. यात काहीही करा, काही बिघडत नाही."

मग काय, रोज दुपारी बसायचो. तुमची वहिनी सियागंजच्या बाजारात हिंगाच्या भावावरून कशी भांडायची, दवाखान्यात शेवटचं काय बोलली, सगळं त्यातच टाइप केलं.

परवा निखिल म्हणाला, "सिस्टिम एकदम बेकार निघाली, बाबा. ते मशीनच डिलीट करून टाकलं. तुमचं काही नव्हतं ना त्यात?"

म्हटलं, "नाही रे. टायपिंगची प्रॅक्टिस करत होतो."

"अरे वा," म्हणाला, "मग स्पीड तर वाढली असेल!"